खाच दिसली म्हणजे सॉलिटॉन झाला असं नाही

‘रुबिडियमच्या अर्ध्या ढगावर लेझर मारून π फेज दिली, खाच दिसली, पण ती ध्वनीच्या वेगाने टोकाकडे पळते’ हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. π फेज म्हणजे त्या भागातली लहर अर्ध्या आवर्तनाने पुढेमागे सरकवणं; त्यातून तुम्हाला हवा तो गडद सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता सरकणारी घनतेची खाच. कंडेन्सेट (सगळे अणू एकाच लहरीसारखे वागणारा अतिथंड ढग) जमलेलंच दिसतंय, त्यात शिरत नाही.

आधी लेझरच्या पल्सचा कालावधी बदलून बघा. सॉलिटॉनचा वेग फेजच्या उडीवर ठरतो: उडी π च्या जितकी जवळ, तितका तो खोल आणि मंद. उडी बदलूनही वेग ढिम्म तोच राहिला, तर तुम्ही नुसती ध्वनिलहर बघताय. उलट दिशेने पळणारा फुगवटा मात्र येणारच, त्याच्या मागे लागू नका. १९९९ मध्ये हॅनोव्हरच्या गटाला आणि २००० मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेला सोडियममध्येही तो दिसलाच होता.

माझा संशय मास्कच्या, म्हणजे अर्धा लेझर अडवणाऱ्या पडद्याच्या, ढगावर पडणाऱ्या कडेवर आहे. हीलिंग लेंग्थ, म्हणजे कंडेन्सेटची घनता सावरायला लागणारं अंतर, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. कड काही मायक्रॉन पसरली की सॉलिटॉन उथळ आणि चपळ होतो, फारच पसरली तर उरतो फक्त धक्का.

आमची कड का पसरली? ढग ज्यात असतो त्या सेलच्या काचेच्या जाडीसाठी दुरुस्ती केलेलं ऑब्जेक्टिव्ह (मास्कची प्रतिमा ढगावर पाडणारं भिंग) आम्ही मागितलं होतं. खरेदी विभागाने ती अट ‘स्पर्धेला मारक’ म्हणून खोडली आणि सगळ्यात स्वस्त माल घेतला. टेबलावर तो झकास चालायचा, काचेतून सगळं धूसर. तक्रारीवर उत्तर काय, तर ‘निविदेतील वर्णनाशी जुळते’. अरे, वर्णन तुम्हीच कापलंत ना! म्हणून सांगतो (नियम संस्थेगणिक वेगळे, खात्री करून घ्या): जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि तसाच काचेचा तुकडा मध्ये ठेवून घेतलेली चाचणी पास झाल्याशिवाय बिल मंजूर नाही, हे तांत्रिक समितीच्या अहवालातच घाला. तोंडी आश्वासनं शून्य कामाची.

लिथियममधल्या उजळ (खाचेऐवजी उंचवटा असलेल्या) सॉलिटॉनचं मला विचारू नका, ते चुंबकक्षेत्रवाल्यांचं काम, मी त्यात हात घातलेला नाही.

आणखी एक. हॅनोव्हरचा ट्रॅप, म्हणजे ढग धरून ठेवणारा सापळा, लांबीच्या दिशेने १४ आणि आडव्या दिशेने ४२५ हर्ट्झचा होता, म्हणजे चांगलाच लांबुळका. आडवा पसरट ढग असेल तर सॉलिटॉन सापासारखा वळवळून भोवऱ्यांची कडी होतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ‘जिला’ (JILA) या संशोधन संस्थेत ते प्रत्यक्ष दिसलं. तुमच्या ट्रॅपच्या फ्रिक्वेन्सी पोस्टमध्ये नाहीत, त्या आणि कडेचा एखादा फोटो टाका, मग पुढचं बोलू.