स्पिंडलवर जाम झालेला चक

प्रश्न : निवृत्तीनंतर मी लाकूडकामाचा एक जुना लेथ (लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र) घेतला असून, मालाडच्या खाडीजवळ असलेल्या आमच्या घराच्या गॅलरीत तो ठेवला आहे. मे महिन्यात सागवानाचा एक पोळपाट कातून झाल्यावर चक (लाकूड जबड्यांत धरणारा भाग) तसाच राहू दिला आणि पावसाळाभर यंत्र प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवले. आता चक निघत नाही. बेल्टच्या बाजूला उभे राहून, कप्पीच्या भोकात खुंटी अडकवून, मी चक पाइप पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत आहे. दोन आठवडे झाले, रॉकेलही सोडून पाहिले. चक तसूभरही हललेला नाही. काय करावे?
— एक वाचक, मालाड

उत्तर : सर्वप्रथम पाइप पाना खाली ठेवावा, कारण आपल्या पत्रातील वर्णन बरोबर असेल तर गेले दोन आठवडे आपण चक सोडवत नसून अधिक आवळत आहात. स्पिंडलवर, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्यावर, चक बसतो त्या बाजूचे आटे उजवे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात हे खरे. परंतु ती दिशा चकाच्या समोरून, म्हणजे टेल स्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) बाजूने पाहून ठरवायची असते. बेल्टच्या बाजूने पाहिले की तीच दिशा उलटी दिसते. यात गोंधळ होऊ नये म्हणून एक खूण लक्षात ठेवावी : काम करताना चकाचा वरचा भाग आपल्याकडे येतो आणि खाली जातो, स्पिंडल घट्ट धरून चक त्याच दिशेने फिरवला की तो सुटतो. लाकडावर हत्याराचा दाब पडतो तेव्हा चक मागे रेटला जाऊन आट्यांवर आवळत जातो, म्हणून पोळपाटासारखे मोठ्या व्यासाचे काम केल्यावर तो गंजाशिवायही घट्ट बसलेला आढळतो. आपल्याकडे त्यात खाडीच्या खारट हवेची भर पडली, इतकेच.

दुसरी चूक खुंटीची. कप्पीची ती भोके लाकडावर समान भाग आखण्यासाठी असतात, जोर सोसण्यासाठी नव्हे. माझ्या हातून एकदा असाच हट्ट करताना ॲल्युमिनियमच्या कप्पीचे भोक फाटले आणि पुढे कित्येक महिने आखणी अंदाजाने करावी लागली. चक आणि बेअरिंग यांच्या मधल्या स्पिंडलवर पाना बसण्यासाठी दोन सपाट बाजू, किंवा जुन्या यंत्रांत सळई घालण्यासाठी भोक असते. धरायचे ते तेथेच. योग्य मापाचा सपाट पाना नसेल तर मुंबईतील अवजारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर शोधावा, कारण सैल पान्याने त्या बाजूंच्या कडा गोल होतात.

आता प्रत्यक्ष काम. यंत्राचा प्लग काढून ठेवावा. चकाच्या मागच्या मानेत एखादा बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. त्याच्या खाचेत भुसा आणि ऑइल साचून ती बुजलेली असते आणि स्क्रू नजरेस पडत नाही. असल्यास तो आधी सैल करावा. नंतर गंज सोडवणारे पातळ ऑइल चक व स्पिंडलच्या सांध्यावर सोडावे आणि चकाच्या मधल्या भोकातूनही आत सोडावे, म्हणजे ते आट्यांच्या दोन्ही टोकांनी शिरते. दोन रात्री जाऊ द्याव्यात. रॉकेलने अपाय होत नाही, पण ते लवकर उडून जाते.

त्यानंतर चकाच्या जबड्यांत सुमारे दोन फुटांचा मजबूत लोखंडी दांडा पक्का धरून, त्याचे लांब टोक आपल्या बाजूला आडवे येईल असे ठेवावे. स्पिंडलवरील पान्याची दांडीही आपल्याच बाजूला घेऊन, खाली लाकडाचा ठोकळा देऊन लेथच्या बेडवर (खालच्या लांब पट्ट्यांवर) टेकवावी. मग दांड्याच्या टोकावर लाकडी मोगरीने वरून खाली नेमका, झटक्याचा टोला द्यावा. सतत लावलेल्या जोरापेक्षा असा झटका अधिक गुणकारी ठरतो, कारण गंजाची पकड धक्क्याने तडकते. टोला स्पिंडलच्या अक्षाच्या दिशेने मात्र कधीही मारू नये. त्याने बेअरिंग खराब होतात.

पाच-सहा टोल्यांनी सुटला नाही, तर ऑइल पुसून चक हॉट एअर गनने तापवावा. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवतो ते याच न्यायाने : तापलेल्या लोखंडी कड्याचे भोक मोठे होते. स्पिंडल ३३ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर चक त्याच्यापेक्षा ८० अंश सेल्सिअसने अधिक तापल्यावर मिळणारी मोकळीक सुमारे ३ शतांश मिलिमीटर भरते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण घट्ट बसलेल्या आट्यांना तेवढी पुरते. उष्णता स्पिंडलपर्यंत पोहोचण्यापूर्वीच टोला द्यावा. भुसा पडलेल्या गॅलरीत गॅसची ज्योत वापरू नये, आणि मोटर उलटी फिरवून चक काढण्याचा प्रयोगही करू नये. सुटलेला चक अंगावर येतो.

एवढे करूनही तो हलला नाही, तर यंत्र टर्निंगच्या वर्कशॉपमध्ये दाखवून चक कापून काढायला सांगावे. चक नवा मिळतो. जुन्या लेथचे स्पिंडल मिळेलच असे नाही.

चक निघाल्यावर आटे पितळी ब्रशने साफ करून त्यांवर मेणाचा पातळ हात द्यावा आणि चक व स्पिंडलच्या खांद्यामध्ये प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापलेली सपाट चकती घालावी. पुढच्या जूनमध्ये चक काढून घरात ठेवावा, आणि यंत्रावर प्लॅस्टिकऐवजी जुनी सुती चादर घालावी, कारण प्लॅस्टिकखाली कोंडलेला दमट वारा रात्री गार झाला की त्याचे पाणी थेट लोखंडावरच उतरते.