खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतले नायट्रेट

प्रश्न : माझी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी अडीच महिन्यांची आहे. क्लाउनफिशची जोडी आणि दोन डॅमसेल मासे आहेत. कॅनिस्टर फिल्टरमध्ये (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) स्पंज व सिरॅमिक रिंग्ज आहेत, शिवाय छोटा प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) आहे. अमोनिया शून्य, पण नायट्रेट ८० पीपीएम (लिटरला ८० मिलिग्रॅम). पाणी बदलूनही उतरत नाही. पाणी बोअरचे, घरच्या आरओतून काढलेले.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुम्ही नायट्राइटचा (अमोनियाचे नायट्रेट होतानाचा मधला टप्पा) आकडा दिलेला नाही, आधी तो बघा. पाणी तपासायचे बहुतेक किट नमुन्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करून त्याचा रंग दाखवतात. त्यामुळे टाकीत मुळातच नायट्राइट असेल, तर नायट्रेट फुगलेले दिसते. शिवाय ८० च्या पुढे लाल छटा ओळखू येत नाहीत. एक भाग टाकीचे पाणी आणि तीन भाग शुद्ध पाणी मिसळून मोजा, आलेल्या आकड्याला ४ ने गुणा. किटमधल्या दुसऱ्या बाटलीच्या तळाशी भुकटी बसत असेल, तर ती अर्धा मिनिट जोरात हलवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

आता तेच किट आरओच्या पाण्याला लावा. आमचा खरा संशय तिथेच आहे. ऊसपट्ट्यात शेताला दिलेल्या युरियाचे नायट्रेट झिरपून बोअरमध्ये उतरते. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादाच लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्याला चालणारे पाणीही टाकीला जड जाते. घरच्या आरओत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते. ती मेकॅनिककडून बंद करून घ्या, मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून पाणी काढा आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषून घेणारा) फिल्टर जोडा. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजायच्या मीटरवर) शून्य यायला हवे. ५ च्या वर गेले की रेझिन बदला.

बाष्पीभवनाची भर कुठल्या पाण्याने घालता? एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अशा टाकीतून रोज दीड लिटर पाणी सहज उडते, पण त्यातले नायट्रेट मागेच राहते. भरीच्या पाण्यात ४० पीपीएम असेल, तर महिन्याला १,८०० मिलिग्रॅम जमा होते. दगड-वाळू वजा जाता टाकीत १६० लिटर पाणी धरले, तर ही ११ पीपीएमची वाढ झाली. भर नेहमी शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याचीच घाला.

पाणी सुधारल्यावर दर चार दिवसांनी ४० लिटर बदला. ८० चे ६०, मग ४५, ३४ आणि चौथ्या वेळी २५ वर येते. अर्थात टाकीत रोज नव्याने तयार होणारे नायट्रेट यात धरलेले नाही. एकदम अर्धे पाणी बदलू नका, मासे बिथरतात. ४० लिटरला साधारण दीड किलो सागरी मीठ लागते. पंप लावून ते रात्रभर फिरवा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट घनता १.०२५ आणि तापमान २६ अंश जुळवा. पाणी काढताना सायफन वाळूवरून फिरवा, तिथला गाळ उचलला जाईल.

कॅनिस्टरचा स्पंज तीन-चार दिवसांनी टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा. रिंग्जमध्ये अडकलेली घाण कुजून नायट्रेट होत राहते, पण उपयोगी जिवाणूही तिथेच असतात. टाकीत पुरेसा सच्छिद्र दगड असेल तर दहा दिवसांनी पाव हिस्सा या बेताने रिंग्ज कमी करा आणि प्रत्येक वेळी अमोनिया तपासा. गोठवलेले अन्न चहाच्या गाळणीत वितळवून धुऊन घ्या, त्याचे पाणी टाकीत नको. चार लहान माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच पुरे.

फक्त मासे असतील तर २० ते ३० पीपीएम चालते, प्रवाळ ठेवायचे असतील तर ५ ते १०. शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची तपकिरी, बुडबुडेदार लाळ पसरते आणि ती हटवणे फार अवघड जाते.

प्रश्न : साखर घालून नायट्रेट उतरते, हे खरे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : उतरते. साखरेतल्या कार्बनवर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. पण सहा महिन्यांच्या आतल्या टाकीत हे करू नका. जिवाणू एकदम वाढले की प्राणवायू संपतो, आणि रात्री वीज जाऊन स्किमर थांबला तर मासे सकाळपर्यंत मरतात. तुम्ही आधीच साखर घातली असेल आणि पाणी दुधाळ दिसत असेल, तर ती लगेच थांबवा, बॅटरीवरचा एअर पंप लावा आणि पाव पाणी बदला.