एसीचा वास आणि मुलुंडच्या आजी

प्रश्न : आमच्या बेडरूममधला दीड टनाचा स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. मागच्या पावसाळ्यापासून तो लावला की पहिली पाच-सात मिनिटं ओल्या पायमोज्यांसारखा आंबूस, कुबट वास येतो, मग कमी होतो. खोली गार होते. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने फिल्टर धुतला आणि गॅस भरायचे ३,५०० रुपये सांगितले. शेजारीण म्हणते, एसीत कापराच्या वड्या ठेवा. काय करू?
— एक वाचक भगिनी, पनवेल

उत्तर : ताई, ते ३,५०० रुपये आधी पर्समध्ये परत ठेवा. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती असते, आणि तेव्हा तक्रार खोली गार न होण्याची असते. तुमची खोली तर गार होतेय.

३१ वर्षं या धंद्यात काढली. वासाची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असायचा, ‘कधी येतो?’ तुम्ही तो न विचारताच सांगितलात. सुरू करताच येऊन नंतर विरणारा वास कॉइल (आतली गार होणाऱ्या नळ्यांची जाळी) आणि ब्लोअर (आतला पंखा) यांचा. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसा कॉइलला सुटतो. त्यात अंगाची पावडर, गोधडीची रुई, उदबत्तीची काजळी चिकटते. सकाळी आपण एसी पटकन बंद करतो, ओल आत राहते आणि दिवसभर आंबते.

एमसीबी (एसीची वीज तोडणारा स्विच) पाडा, खालची झडप हाताने हळूच उघडा, आत टॉर्च मारा. आडवं लांब चक्र दिसेल, तो ब्लोअर. पात्यांवर काळी बुरशी असेल, माझी खात्री आहे. फिल्टर धुऊन ती जात नाही. खाली प्लॅस्टिकची झोळी बांधून पंपाने धुणारा माणूस बोलवा आणि ‘ब्लोअर आणि ड्रेन ट्रेसुद्धा’ (ट्रे म्हणजे कॉइलचं पाणी जमा होणारं तबक) हे आधीच ठरवून घ्या. बरेच जण समोरून कॉइलवर पाणी मारून निघतात. अॅसिड मारू देऊ नका. कॉइल चकचकीत दिसते, पण अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाल्ल्या जातात आणि नळ्याही कमकुवत होतात. मग गॅसचा खर्च खरोखरच येतो!

त्यानंतर रोज बंद करण्याआधी अर्धा तास नुसत्या फॅन मोडवर चालवा, कॉइल सुकते. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुऊन सावलीत वाळवा. उन्हात त्याची चौकट वाकते. कापराने वासावर वास चढतो, बुरशी तिथेच राहते. रूम फ्रेशनरचंही तेच, वर त्याचा चिकट थर कॉइलवर बसतो.

आता माझी फजिती. मुलुंडला एका घरी एकाच मे महिन्यात तीनदा कॉइल धुतली, वास तसाच. चौथ्यांदा गेलो तर घरातल्या आजी म्हणाल्या, ‘अरे, हा मोरीचा वास आहे. तुला नाक आहे की नाही?’ खरंच होतं. कुणीतरी एसीचा ड्रेन पाइप थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसून वरून सिमेंट लिंपलं होतं. ब्लोअर खोलीतली हवा ओढायचा, त्याबरोबर गटाराचीही. पाइप सोडवून बाथरूमच्या जाळीच्या वर, हवेत मोकळा सोडला; त्याच रात्री वास गेला. आधीच्या तीन फेऱ्यांचे पैसे मी परत केले नव्हते, ते अजून खटकतं. त्या दिवसापासून झाकण उघडण्याआधी पाइपाचं दुसरं टोक बघायचो. तुमचंही बघा. ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओतलं की ते टोकातून लगेच यायला हवं. थेंब थेंब आलं तर आत शेवाळ साचलंय.

सडका वास आला तर बहुधा ब्लोअरमध्ये पाल अडकलेली असते. करपल्याचा आला तर मात्र नाक लावत बसू नका, एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका.

ब्लोअर धुऊनही आठवडाभरात वास परतला, तर पाइप कुठे सोडलाय ते कळवा.