परदेशात वाढणाऱ्या मुलांपर्यंत आपली संस्कृती खरोखर पोहोचते का? कुणी करून दाखवलंय?

तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या गणपतीला मुलं येतात, मोदक खातात आणि कोपऱ्यात फोन घेऊन बसतात. एखाद्या लहान समाजाला यातून वाट सापडलेली कुणी पाहिली आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी पाहिली आहे, म्हणून लिहिते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेल नावाचं जुन्या कापडगिरण्यांचं शहर आहे. मी त्याच्या शेजारच्या गावात राहते. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचखालोखाल अमेरिकेतली सगळ्यात मोठी कंबोडियन वस्ती लोवेलची. माझ्या मुलीची शाळेतली एक मैत्रीण ख्मेर, म्हणजे कंबोडियन आहे. एका ऑगस्टमध्ये तिच्या आईने मला विचारलं, "तुला हाताने शिवता येतं का?" मी हो म्हटलं. त्या शनिवारी सकाळी मी मेरीमॅक नदीकाठी, त्यांच्या जलोत्सवातल्या एका तंबूत सुईत लाल दोरा ओवत उभी होते.

ख्मेर शास्त्रीय नृत्यातला अंगरखा नाचणाऱ्याच्या अंगावरच शिवतात. बटणं नाहीत, हूक नाहीत. मुलीला उभं करायचं, जरीटिकल्यांचं जड कापड अंगावर चढवायचं आणि घट्ट बसेल असं टाके घालत जायचं. मला पाठीची शिवण दिली होती. समोरची मुलगी बारा वर्षांची असेल, सुई टोचेल म्हणून श्वास रोखून उभी. शेजारच्या आजींनी (ख्मेरमध्ये आजीला 'यिय' म्हणतात) तिला ख्मेरमध्ये काहीतरी सांगितलं. मुलीने माझ्यासाठी इंग्रजीत अर्थ सांगितला: "श्वास सोड म्हणतायत. आत्ता पोट आत घेतलंस तर नाचताना टाका तुटेल." खाली नेसायचं वस्त्र मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. 'चोंग क्बेन' म्हणजे सरळ आपला काष्टा. मी सफाईने खोचला तेव्हा तंबूतल्या बायका चकित होऊन बघत राहिल्या. एकीने विचारलं, तुला कुणी शिकवलं? म्हटलं, माझी आजी नऊवारी नेसायची.

हे लोक एवढ्या जिवाच्या आकांताने हे का करतात, ते समजायला मागे जावं लागेल. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि ७ जानेवारी १९७९ पर्यंत, पावणेचार वर्षांत, सुमारे ऐंशी लाखांच्या देशात पंधरा ते वीस लाख माणसं उपासमार, आजार, वेठबिगारी आणि कत्तलींत गेली. शिक्षक, भिक्षू, वादक, नर्तक यांना तर वेचून संपवलं. कलाकारांपैकी दहातले नऊ गेले असं सांगतात. हे नृत्य गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात जाणारं. गुरूच गेले, तर पाहायचं कुणाकडे? जे वाचले, त्यांनी थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांमध्ये पुन्हा मुलांना शिकवायला सुरुवात केली. लोवेलमधली अंगकोर डान्स ट्रूप ही संस्था निर्वासितांनीच १९८६ मध्ये उभी केली.

तालमी मी पुढे वर्षभर पाहिल्या. पहिले कितीतरी आठवडे नाच नसतोच. मुलं मांडी घालून बसतात आणि शिक्षिका एकेकाची बोटं मागे वळवत जाते, मनगटाकडे, जरा दुखेपर्यंत. मग हाताच्या मूळ मुद्रा: अंकुर, पान, फूल, फळ. शिक्षिकेला 'क्रू' म्हणतात, आणि तो आपला 'गुरू'च. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात रात्रपाळी करते आणि रविवारी झोप सोडून इथे येते. मानधन नाही. मुलग्यांना रामकेरमधल्या, म्हणजे त्यांच्या रामायणातल्या, वानरांच्या उड्या आवडतात, त्यामुळे हनुमान व्हायला रांग असते.

नदीकाठचा तो उत्सव १९९७ पासून चालू आहे. मूळ कंबोडियात जलोत्सव नोव्हेंबरच्या पौर्णिमेच्या सुमाराला असतो. पावसाळ्यात मेकाँग नदीच्या पुरामुळे तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहते, त्याच नावाचं सरोवर पाच-सहा पट फुगतं, आणि पाणी परत फिरलं की होड्यांच्या शर्यती लागतात. लोवेलला नोव्हेंबरात नदीकाठी उभं राहवत नाही, म्हणून त्यांनी तो ऑगस्टमध्ये आणला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. तिथी सोडली, पण लांब होड्या, भिक्षूंचे आशीर्वाद, गवती चहा कुटून केलेल्या वाटणात मुरवलेल्या बीफच्या काड्या, सगळं ठेवलं.

आणि एक तारीख त्यांनी सोडलेली नाही. 'प्चुम बेन' हा पंधरवडा भाद्रपदाच्या वद्य पक्षात येतो, त्यांच्या महिन्याचं नावही 'फोत्रबोत'. 'बेन' म्हणजे पिंड. बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षाच्याच सुमाराला पहाटेच्या अंधारात विहारात भाताचे गोळे ठेवले जातात आणि गेलेल्यांची नावं वाचली जातात. त्या आजी आपल्या दोन भावांची नावं देतात. ते कुठे पुरलेत हे त्यांना माहीत नाही. नाती रात्री जागून गोळे वळतात. त्यांना कुणी 'संस्कृती जपा' म्हणत नाही, गोळे वळायचे असतात एवढंच.

मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. आपल्या मंडळात मुलांना आपण प्रेक्षक करून ठेवतो. आरास मोठी माणसं करतात, मोदक बाहेरून येतात, पंधरा मिनिटांचं नृत्य यूट्यूबवरून बसवतात आणि मग मुलं फोन बघतात म्हणून वाईट वाटून घेतो. लोवेलला मुलांवर काम पडतं. होडी ओढायची, ढोल उचलायचा, धाकट्यांची बोटं वळवायची. चुकलं तर आजी रागावतात आणि पुन्हा करायला लावतात. यंदा तुमच्या गणपतीत एक तरी काम पूर्णपणे मुलांच्या हाती द्या, बिघडलं तरी चालेल असं. उकड त्यांनाच मळू द्या. मोदक फुटतील, फुटू देत. आमच्याकडे गेल्या वर्षी फुटले होते आणि सगळे संपले.

जमलं तर एकदा ऑगस्टमध्ये लोवेलला या आणि मंचामागच्या तंबूत जा. नाच झाला की टाके उसवायचे असतात. मी त्या मुलीची पाठ उसवली. शिवणीचे लाल वळ उठले होते. तिने लगेच माझ्या हातून छोटी कात्री घेतली आणि मागे उभ्या असलेल्या धाकट्या मुलीचे टाके उसवायला बसली, कापडाला धक्का न लावता, एकेक. दोरे गोळा करून आजींच्या डब्यात टाकले, आणि मग दोघी धावत सुटल्या उसाच्या रसाच्या ठेल्याकडे.