अंथरुणाला खिळलेल्या आईची देखभाल: संस्थेची जबाबदारी आणि भावाची जबाबदारी

ताई, तुमच्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी आहे. यावल तालुक्यातील तुमच्या 76 वर्षांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर तुम्ही तिला जळगाव शहरातील एका खासगी वृद्धसेवा केंद्रात ठेवले. 1 लाख रुपये अनामत भरली आणि दरमहा 18,000 रुपये देत आलात. आता केंद्राने तोंडी सांगून ही रक्कम 24,000 केली आहे. मध्यंतरी आईचे कपडे बदलताना तिच्या माकडहाडापाशी खोल जखम दिसली. जाब विचारल्यावर “हा वृद्धाश्रम आहे, दवाखाना नाही, पटत नसेल तर घेऊन जा, अनामत मिळणार नाही” असे उत्तर मिळाले. रावेर तालुक्यातील आईच्या नावावरची केळीची बागायती जमीन 2019 मध्ये धाकट्या भावाने बक्षीसपत्र करून घेतली, आणि तो खर्चाचा एक रुपयाही देत नाही.

कायद्याच्या आधी जखमेकडे पाहा. आईला आजच रुग्णालयात दाखवा आणि डॉक्टरांकडून जखमेची लांबी, रुंदी, खोली व ती साधारण किती जुनी आहे हे लेखी घ्या; तारखेसह छायाचित्रेही काढून ठेवा. 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते काढले नसेल तर लगेच काढा. परंतु हे संरक्षण योजनेतील रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते आहे, महिन्यामागून महिने चालणाऱ्या शुश्रूषेचा खर्च त्यातून भागत नाही.

“दवाखाना नाही” हा बचाव मला मान्य नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 मधील व्याख्येनुसार आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी कोणतीही जागा शुश्रूषागृह ठरते, आणि नोंदणीवाचून ते चालवण्यास मनाई आहे. दारावरच्या पाटीपेक्षा आत काय चालते याला महत्त्व आहे. म्हणून तुमच्याकडील पावत्या नीट तपासा. त्यांत ‘नर्सिंग चार्ज’, ‘ड्रेसिंग’, ‘कॅथेटर बदलणे’ अशा नोंदी असतील, तर केंद्र उपचार व शुश्रूषेचे पैसे घेत होते हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होते. केवळ राहण्या-जेवणाचे पैसे लावलेले असतील तर हा मुद्दा कमकुवत होईल, हेही स्पष्ट सांगतो. आईची कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंदवही, औषधांची नोंद आणि दरपत्रक यांच्या प्रती केंद्राकडे लेखी मागा. देण्यास नकार मिळाला तर तोही लेखी घ्या. मग जळगाव महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे तपासणीची मागणी करणारा अर्ज पोच घेऊन द्या.

अनामत आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्यामुळे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. करारात लिहिलेले नसताना केलेली 6,000 रुपयांची वाढ तुम्ही हरकत नोंदवूनच भरा, म्हणजे ती मान्य केल्याचा अर्थ निघणार नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम 357 फारसे कोणी वापरत नाही, पण आजारामुळे असहाय झालेल्या व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणे हा त्याखाली गुन्हा आहे. केंद्राला पाठवायच्या नोटिशीत त्याचा उल्लेख अवश्य असावा.

इथे कायद्याची एक उणीव सांगणे भाग आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 च्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, परंतु ती शासनाच्या मर्जीवर सोडलेली आहे. खासगी सेवा केंद्रांना नोंदणी व किमान दर्जा सक्तीचा करणारे आणि निर्वाह रकमेची मर्यादा काढणारे दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपताच आपोआप बाद झाले. त्यामुळे तुमच्यासारख्या कुटुंबाला दर्जाची हमीही नाही आणि खर्चाला शासनाचा हातभारही नाही. हा अन्याय आहे, आणि शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरांना तो फार जड जातो.

आता भावाबद्दल. मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागणारा 2007 च्या कायद्याखालील अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो. आई सध्या राहते त्या जळगावला तो करता येईल. अंतरिम रक्कम मागता येते आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. मात्र कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे. निर्वाह मागण्याचा दुसरा मार्ग असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली अशी मर्यादा नाही, पण तिथे वेळ अधिक लागतो, आणि निर्वाहासाठी दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. तुमच्या परिस्थितीत मी न्यायाधिकरण निवडेन, कारण बक्षीसपत्र रद्द करण्याची कलम 23 खालची मागणीही तिथेच करता येते. त्यासाठी आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली होती हे दाखवावे लागेल. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी 2025 च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने, बक्षीसपत्राच्या सुमारास मुलाने आईला लिहून दिलेले वचनपत्र लक्षात घेऊन, या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावावा असे म्हटले. म्हणून रावेरच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि त्या दिवसांत भावाने दुसरे काही लिहून दिले होते का, हे घरच्या कागदांत शोधा. लेक म्हणून कायद्याने तुम्हीही जबाबदार आहात आणि भाऊ तुम्हाला पक्षकार करू शकेल. तेव्हा आजवर भरलेल्या प्रत्येक रकमेचा पुरावा जपून ठेवा.

हे अर्ज आईच्या नावाने होतील. तिचे बोलणे गेले असले तरी तिला समजते असे तुम्ही लिहिता. म्हणून तुम्हाला अधिकार देणाऱ्या पत्रावर डॉक्टरांसमक्ष तिचा अंगठा घ्या आणि तिला मजकूर वाचून दाखवला व तो समजला, असा डॉक्टरांचा शेरा त्याच कागदावर घ्या.