नव्या लॅपटॉपला पोर्टच ठेवत नाहीत, ही कंपन्यांची लूट नाही का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला गेलात, आवडलेल्या बारीक मॉडेलला दोन टाइप-सी आणि हेडफोनचं एक भोक एवढंच होतं, आणि दुकानदार म्हणाला, "काका, आता असंच येतं, सोबत हब घेऊन टाका." आधी पोर्ट काढायचे आणि मग तेच डबीत घालून वेगळे विकायचे, ही लूट नाही का, असा तुमचा सवाल.

थोडी आहेच. पण तुम्ही ज्या खिशावर हात ठेवून उभे आहात तो शाबूत आहे, कापला जातोय दुसराच.

मी लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलं तर टॅक्सीवाला गोंधळतो) एका दुकानाच्या पोटमाळ्यावर सतरा वर्षं लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. खालचा शेठ हब विकतो, वर मी त्या हबांनी काय केलंय ते निस्तरतो. दोघांचंही बरं चाललंय.

आधी कंपन्यांची बाजू, कारण ती अगदीच खोटी नाही. नेटच्या वायरचं ते चौकोनी पोर्ट एकटंच सेंटिमीटरभर उंच असतं. जुन्या यूएसबीचं तोंड साडेचार-पाच मिलिमीटर, टाइप-सीचं अडीच. लॅपटॉपची कड जर आठ-दहा मिलिमीटरवर आणायची असेल तर काहीतरी बाहेर जाणारच. शिवाय प्रत्येक वेळी ओरड झाली आणि प्रत्येक वेळी लोक विसरले, हेही खरं. १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी गेली तेव्हा बोंब झाली. २००८ साली स्टीव्ह जॉब्सने मॅकबुक एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला, त्याला सीडी ड्राइव्ह नव्हता, नेटचं पोर्ट नव्हतं, यूएसबी एकच. तेव्हा आमच्या गल्लीत सगळे हसले होते. आज माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांत सीडी ड्राइव्ह असलेला दिसला तर मीच पोराला बोलावून दाखवतो.

पण सगळीच ओरड अशी विरत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ॲपलने मॅकबुक प्रोमधून जुनी यूएसबी, एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि मॅगसेफ चार्जर असं सगळं एकदम काढलं. तारेत पाय अडकला तर लॅपटॉप खाली न येता चुंबकाचं टोक नुसतं सुटून यायचं, तो मॅगसेफ. इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांतच त्यांना ॲडॅप्टरांचे भाव उतरवावे लागले. टाइप-सीवरून जुन्या यूएसबीचा १९ डॉलरचा तुकडा ९ डॉलरवर आला. आणि पाच वर्षांनी, २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय, कार्डाची खाच आणि मॅगसेफ तिन्ही परत आले. जगातल्या सगळ्यात हट्टी कंपनीने थुंकी गिळली, म्हणजे ओरडणारे सगळेच जुनाट विचाराचे नव्हते. इतर कंपन्यांनी मात्र त्यातली माघार सोडून फक्त आधीची हौस उचलली. डेलने २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लसमधून हेडफोनचं भोकही काढलं.

व्हीजीएची गंमत तर वेगळीच. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं ते पंधरा पिनांचं निळं पोर्ट २०१५ पर्यंत हद्दपार करू, असं इंटेल, एएमडी आणि मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं. लॅपटॉपमधून ते गेलं. शाळेच्या हॉलमध्ये छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला कुणी कळवलंच नाही. त्यामुळे स्नेहसंमेलनाच्या दिवसांत दादर-परळचे मास्तर लोक अजून "व्हीजीएवालं काहीतरी द्या हो" करत येतात.

आता माझ्या बाकाकडे या.

पूर्वीच्या लॅपटॉपला चार्जरचा गोल जॅक असायचा. आतून तो बहुतेक वेळा बोटभर वायरच्या टोकाला असायचा आणि ती वायर बोर्डात खोचलेली. ओढाताणीत जॅक ढिला झाला तर दहा मिनिटांत बदलायचा, सामान-मजुरी धरून चार-पाचशे रुपये, गिऱ्हाईक चहा संपायच्या आत मोकळं. एक यूएसबी गेली तर लोक दुरुस्तही करायचे नाहीत, "दुसऱ्या दोन आहेत की" म्हणायचे. म्हणजे झीज पाच-सहा ठिकाणी वाटून जायची.

आता चार्जिंग, पेन ड्राइव्ह, प्रोजेक्टर, नेट, माऊस हे सगळं एकाच तोंडातून. आणि ते तोंड बऱ्याच स्वस्त आणि मधल्या लॅपटॉपांत थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेलं. ते उखडलं की सर्व्हिस सेंटरवाले पोर्ट बदलत नाहीत, बोर्ड बदलतात, आणि बोर्डाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. दुसरा खिसा म्हणतोय तो हा.

तुम्ही म्हणाल, टाइप-सी तर मजबूत म्हणतात. कागदावर आहेच. जुन्या यूएसबीला १,५०० वेळा घालणं-काढणं झेपेल असं मानक होतं, टाइप-सीला १०,०००. पण ती मोजणी सरळ घालून सरळ काढण्याची. विरार फास्टमध्ये बॅग पुढे छातीशी धरली, आत लॅपटॉपला काडीसारखा ताठ हब तसाच लावून ठेवलाय आणि मागून बोरिवली उतरणारा लोंढा आला, तो हिशेब कुठल्याही मानकात नाही. ताठ हब म्हणजे पहार. टोकाला थोडा दाब, मुळाशी दसपट ताण. चाळीस-पन्नास ग्रॅमचा तुकडा पोर्टाच्या पट्ट्या बोर्डासकट उचलून आणतो, हे मी भिंगाखाली रोज बघतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. काळबादेवीचा एक कर सल्लागार संध्याकाळी सात वाजता जिना चढून आला, शर्ट भिजलेला. त्याच्या लॅपटॉपला दोनच टाइप-सी, दोन्ही डावीकडे. एक दिवाळीपासून मेलेलं. उरलेल्यावर हब, हबवर चार्जर आणि डिजिटल सहीचं टोकन. हे टोकन अजून बहुतेक जुन्या यूएसबीचंच येतं, त्याशिवाय कंपन्यांची रिटर्न्स अडतात. दुपारी दुसरं पोर्टही गेलं. बॅटरी नऊ टक्के, बाहेर पाऊस आणि "दादा, फक्त दोन तास चालव."

उघडून बघितलं तर आत हिरवट बुरशीसारखं चढलेलं. टाइप-सीच्या त्या इवल्याशा जिभेवर २४ पिना असतात, एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर. त्यात वीज आणणाऱ्या पिनेच्या अगदी शेजारी सीसी नावाची पिन असते. चार्जर आणि लॅपटॉप आधी तिच्यावरून बोलतात, किती वीज हवी ते ठरवतात आणि मग चार्जर ५ व्होल्टवरून २० वर जातो. ही बोलणारी पिन साधारण ५ व्होल्टपर्यंतच सहन करते. दोघींच्या मध्ये ओल आणि बॅगेतला कापूस अडकला की शेजारचे २० व्होल्ट तिच्यावर येतात आणि मागची चिप जळते. बाहेरून काहीच दिसत नाही. पोर्ट चकाचक, चार्जर चांगला, लॅपटॉप मात्र चार्जरला ओळखतच नाही. गोल जॅकमध्ये हे घडायला जागाच नव्हती, कारण तिथे बोलणं जवळपास नव्हतंच, नुसती वीज.

त्याचं त्या रात्री झालं. जुन्या बोर्डावरची चिप काढून लावली, साडेनऊ वाजले. दोन्ही पोर्ट बदलायला तो नंतर आठ दिवस लॅपटॉप ठेवून जाईन म्हणाला होता; अजून आलेला नाही, बहुतेक पुढच्या २० तारखेला येईल.

म्हणून सांगतो, पावसात भिजलेल्या बॅगेतून काढून लगेच चार्जर खोचू नका. काही लावलेलं नसताना टाइप-सीच्या वीजपिनेत व्होल्टेज नसतं, नुसत्या ओलीने फारसं बिघडत नाही. ओली असताना चार्जर लावला की खेळ सुरू.

हबबद्दलही थोडं, कारण तुम्हाला तो घ्यावा लागणारच. स्वस्त हबवर फोर-के मॉनिटर लावला तर बरेचदा सेकंदाला ३० चित्रंच मिळतात आणि माऊस अडखळल्यासारखा सरकतो. तो बिघाड नसतो. केबलमधल्या वेगवान तारांच्या चार जोड्यांपैकी दोन हब यूएसबीला देतो, चित्राला दोनच उरतात. चार्जर हबमधून लावलात तर हब स्वतःसाठी काही वॅट राखून ठेवतो, त्यामुळे ६५ वॅटचा चार्जर लॅपटॉपपर्यंत ५० च्या आसपासच पोचतो. आणि हबला हार्ड डिस्क लावली की वायफाय रांगायला लागतं, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर गेलात की त्रास जातो. हब घ्याल तो शेपटीवाला घ्या, वितभर वायरचा. ताठ काडी नको. हजार-दीड हजारात चांगला मिळतो, सेमिस्टरच्या सुरुवातीला खालचा शेठ भाव चढवतो तेवढा काळ टाळा.

पोर्ट कमी केल्याचा फायदाही झालाय, तो नाकारणार नाही. पूर्वी माझ्याकडे चौदा जातींचे चार्जर टांगलेले असायचे, आता एका टाइप-सीवर निम्मे लॅपटॉप तपासून होतात. युरोपने तर २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकले जाणारे नवे लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज झालेच पाहिजेत असा कायदा केलाय. हे चांगलंच झालं. माझा आक्षेप टाइप-सीवर नाही. झिजणारी वस्तू न बदलता येणाऱ्या जागी बसवण्यावर आहे. फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीने २०२१ पासून उलटं करून दाखवलंय: टाइप-सी आत खोल, बाहेर हवं ते पोर्ट असलेला छोटा ठोकळा सरकवायचा, झिजला की ठोकळाच बदलायचा. ॲपलसुद्धा अनेक मॅकबुकांत टाइप-सी वेगळ्या छोट्या पट्टीवर देते, तेवढी पट्टी बदलता येते. म्हणजे बारीक लॅपटॉपमध्ये हे जमत नाही, ही सबब चालत नाही.

तेव्हा दुकानात पोर्ट किती, एवढंच मोजू नका. दोन्ही बाजूंना एकेक टाइप-सी असलं तर एकाच बाजूच्या दोनपेक्षा बरं. वायर कोपऱ्यात वळून ओढली जात नाही. चार्जिंगला वेगळं तोंड आणि कामाला वेगळं असेल तर फारच उत्तम, जाड दिसला तरी घ्या. एक तरी जुनी यूएसबी असू द्या, कॉलेजची प्रिंटवाली दुकानं अजून पेन ड्राइव्हवरच चालतात. हेडफोनचं भोक नसेल तर मी तरी घेणार नाही.

आणि सगळी टाइप-सी सारखी नसतात, इथे दुकानदार हमखास गप्प बसतो. एकाच आकाराच्या भोकातून कुठे सेकंदाला ४८० मेगाबिट जातात, कुठे ४० गिगाबिट. शेजारी विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे त्या वेगवान जातीतलं, "डीपी"सारखं चिन्ह असेल तर चित्र बाहेर निघतं, काहीच नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधा, कारण चित्र न देणाऱ्या पोर्टावर एचडीएमआयचा कुठलाही स्वस्त तुकडा चालणार नाही. पोर्ट असलं म्हणून मॉनिटरही तितकेच चालतात असंही नाही. २०२० च्या एम-वन चिपवाल्या मॅकबुक एअरला तोंडं दोन, पण बाहेरचा मॉनिटर एकच.

शेवटी एक फुकटची तपासणी. डेमो पीसला टाइप-सी चार्जर लावा, केबल हलक्या हाताने वर-खाली हलवा आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या खुणेकडे बघा. डेमो पीस म्हणजे दिवसाला पन्नास जणांनी ओढलेला लॅपटॉप, सहा महिन्यांत तुमच्या मुलीच्या लॅपटॉपचं काय होणार ते तोच सांगतो. मॉडेलचा पूर्ण नंबर इथे लिहिलात तर, मी ते उघडलेलं असेल तर, पोर्ट सुटं आहे की बोर्डावर तेवढं सांगतो.