कचऱ्यापासून वीज: आधी कचरा आणि खड्डा, मग टर्बाइन

तुम्ही विचारलंय, आजवर पूल आणि रस्ते केले, आता दिवसाला ६०० टन कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं बांधकाम अंगावर आलंय, तर सुरुवात कुठून करू?

कचऱ्यापासूनच करा. बैठका सगळ्या बॉयलर-टर्बाइनवर खर्च होतात आणि ज्यावर ते चालायचं त्याकडे कुणी बघत नाही. मे आणि जुलै, दोन्ही महिन्यांतले नमुने तपासून घ्या. आपल्या कचऱ्यात कित्येकदा निम्मं वजन पाण्याचंच असतं. २०१६च्या घनकचरा नियमांत ऊर्जेसाठी वापरायच्या कचऱ्याला किलोमागे किमान १५०० किलोकॅलरी उष्णतेचा आकडा होता; पावसाळ्यातला कचरा तिथवर पोचतो का, हे ग्रेटची, म्हणजे ज्या जाळीवर कचरा जळतो तिची, ऑर्डर देण्याआधी कळलं पाहिजे. जमलं तर मोशीचा पिंपरी-चिंचवड महापालिकेचा १४ मेगावॉटचा प्रकल्प बघून या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

मग बंकर, म्हणजे कचऱ्याचा खड्डा. हे तुमचं सिव्हिलचं काम, म्हणून 'होईल की' असं वाटतं, आणि घात तिथेच होतो. माझ्या एका साइटवर काँक्रीटच्या दोन ओतकामांच्या सांध्यात वॉटर-स्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, दुमडून राहिला. चाचणीसाठी पाणी भरल्यावर सकाळपर्यंत भिंतीच्या बाहेरून हातभर रुंद ओल उतरली होती. तोवर वर कचरा उचलणाऱ्या ग्रॅब क्रेनचे गर्डर चढले होते. खाली ग्राउटिंगला, म्हणजे गळती बुजवायला, माणसं उतरली की वरचं काम बंद. सात आठवडे गेले. म्हणून पाण्याची चाचणी उरकल्याशिवाय वर काही चढवू नका, आणि ओतकामाआधी प्रत्येक सांध्यापाशी स्वतः टॉर्च घेऊन उतरा.

बॉयलरचे प्रेशर पार्ट, म्हणजे दाब सोसणारे भाग, आयबीआरमध्ये (भारतीय बॉयलर नियमावलीत) येतात. वेल्डरचे दाखले आणि बॉयलर इन्स्पेक्टरच्या तारखा वेळापत्रकात वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) त्यांच्यासाठी अडून बसते. नळ्यांच्या तोंडावरच्या टोप्या वेल्डिंगच्या क्षणापर्यंत काढू देऊ नका. एका नळीतून आम्ही चिंधी ओढून काढली होती.

पहिली आग डिझेलवर लागते. तेलाची काजळी बॅग फिल्टरच्या, म्हणजे धूर गाळणाऱ्या, कोऱ्या पिशव्यांना चिकटली की त्या कामातून गेल्या, म्हणून आधी चुन्याचा थर द्यायला विसरू नका. कचरा बंकरमध्ये काही दिवस पडून निथळावा लागतो. म्हणजे गाड्या आधीच यायला लागतात. रोज किती गाड्या येणार आणि बॉयलर बंद पडला तर त्या कुठे वळवायच्या, हे पालिकेशी लेखी ठरवा.

आणि ग्रॅब क्रेनचे ऑपरेटर उभारणी चालू असतानाच नेमून घ्या. कचरा उपसून, उलटापालटा करून एकजीव करणारे तेच. हात बसलेला नसला की ग्रेटवर कधी नुसत्या शहाळ्यांचा ढीग पडतो, कधी नुसता चिखल, आणि वाफेचा दाब दिवसभर वर-खाली होत राहतो.